मेलेल्या माणसाला शहर किती वेळ देतं

मुंबई महापालिकेचा कायदा 1888 सालचा. त्याच्या कलम 61 मध्ये पालिकेने करायलाच हव्यात अशा कामांची यादी आहे. गटारं, कचरा, पाणी, रस्त्यावरचे दिवे, आगी विझवणं, देवी टोचणं. आणि याच रांगेत, आवाजही न बदलता, प्रेतं जाळण्या-पुरण्याच्या जागा. या जागांवर देखरेख ठेवायची आणि कमी पडल्या तर नव्या करून द्यायच्या. धर्म, नातंगोतं, पुण्य, मोक्ष यांतलं काहीच त्या ओळीत नाही. मला ती ओळ आवडते. बाकी सगळे शोक करण्यात गुंतलेले असताना कोणीतरी एकाने लाकडांचा हिशेब ठेवायला हवाच.

त्याच कायद्यात पुढे या जागांचे नियम आहेत. प्रेत जाळण्या-पुरण्याच्या प्रत्येक जागेची पालिकेकडे नोंद हवी. आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी जागा सुरू करता येत नाही. देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या आवारात पुरायचं असेल किंवा पुरलेलं उकरायचं असेल, तरी परवानगी लागते. जागा मालकीची कोणाचीही असो, जमातीच्या ट्रस्टची, चर्चची, पंचायतीची, तिच्यावर नजर शहराची. हा सगळा कारभार आरोग्य खात्याकडे असतो. वॉर्डातला वैद्यकीय आरोग्य अधिकारी, ज्याला आपण सगळे नुसतं एमओएच म्हणतो, तोच जन्म-मृत्यूचा निबंधक. कोपऱ्यावरच्या उडप्याला परवाना देणारं ऑफिस आणि स्मशानातल्या वहीवर लक्ष ठेवणारं ऑफिस एकच. यात काही चमत्कारिक आहे असं पालिकेत कोणाला वाटत नाही आणि नीट विचार केला तर नाहीच आहे.

माझी मावशी गेली तेव्हा हे कागद पहिल्यांदा माझ्या हातात आले. एरवी आमच्या घरात ही कामं पुरुषांची. पण मावसभाऊ परदेशातून निघालेला, त्याचं विमान मध्येच कुठेतरी अडकलेलं, आणि मावशीचे आधार कार्ड, बँकेची पुस्तकं सगळं माझ्याकडे. म्हणून मी गेले. तिरडीबरोबर बाईने जावं की नाही यावर जिन्यात थोडी कुजबुज झाली. शेजारच्या आजोबांनी ती एका वाक्यात मिटवली: "कागद तिच्याकडे आहेत ना, मग तीच पुढे."

स्मशानाच्या दारातच डाव्या हाताला कारकुनाची खिडकी. डॉक्टरचं सर्टिफिकेट, मृत्यूचं कारण लिहिलेलं; मयताचं आधार; माझं आधार; नातं काय. त्याने मावशीचं नाव वहीत लिहिलं, मग कॉम्प्युटरवर, मग मला वाचून दाखवलं. "नीट बघा ताई. इथे चुकलं तर पुढे दाखल्यात चुकतं, आणि मग फिरत बसाल." वडिलांचं नाव की नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, हे त्याने दोनदा विचारलं. नंतर, "लाकडावर की इलेक्ट्रिकला?"

लाकडावर म्हटलं. पालिकेच्या स्मशानात एका अंत्यसंस्काराला 300 किलो लाकूड फुकट मिळतं. आमच्यातल्या एकाला ते ठाऊक नव्हतं, तो पाकीट काढून उभा. कारकुनाने मान हलवली आणि पावती दिली. सगळं उरकल्यावर मी निघत होते तर त्याने पुन्हा बोलावलं. "उद्या सकाळी लवकर या अस्थींना. चौथरा मोकळा करावा लागतो. नंतरचे लोक येतात."

तो अजिबात वाईट बोलला नव्हता. उलट त्या दिवशी भेटलेल्या माणसांत सर्वांत कामाचं तोच बोलला. पण बाहत्तर वर्षं मुंबईत राहिलेल्या बाईला या शहराने शेवटी एक दुपार आणि एक रात्र दिली, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. तेव्हापासून मी स्मशानं, कब्रस्तानं, सिमेट्र्या यांच्याकडे याच हिशेबाने बघते. आपण म्हणतो की मुंबईत मरायलाही जागा नाही. खरा वाद जागेचा कमी आणि मुदतीचा जास्त आहे. मेलेल्या माणसाने शहराची जमीन किती वेळ अडवायची, हे ठरवणं म्हणजेच या खात्याचा कारभार.

आगीचा हिशेब सगळ्यांत सोपा. सरणाचा भर दोन-तीन तासांत ओसरतो, निखारे रात्रभर राहतात, सकाळी अस्थी सावडल्या की चौथरा धुऊन पुन्हा तयार. विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत तर तास-दीड तासाचं काम. म्हणजे एकच जागा वर्षानुवर्षं हजारो माणसांना पुरते. दादरला शिवाजी पार्कच्या पलीकडची स्मशानभूमी भागोजी कीरांच्या नावाने ओळखली जाते. रत्नागिरीहून मुंबईत आलेला, कष्टाने मोठा झालेला हा भंडारी समाजातला कंत्राटदार. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर 1931 साली बांधणारे कीर ते हेच. समुद्रकाठची ही जमीन त्यांनी हिंदूंच्या दहनासाठी दिली. तेवढ्या जमिनीवर दादर-माहीमच्या कितीतरी पिढ्या जळून गेल्या आणि जागा आहे तेवढीच आहे. आग जमीन खात नाही. झाडं खाते, ते वेगळं. म्हणून 2022 च्या सुमारास पालिकेने 14 स्मशानभूमींत लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटा वापरायचं ठरवलं. 300 किलो लाकडाचं काम 250 किलो विटांत भागतं असा हिशेब. लोकांना मात्र सरणावर लाकूडच दिसायला हवं असतं. मला तरी त्या दिवशी कुठे विटा सुचल्या असत्या!

आगीलाही अपवाद आहेत आणि ते मोठ्या माणसांचे आहेत. टिळक गेले 1 ऑगस्ट 1920 ला. त्यांना सोनापूरच्या स्मशानात नेलं नाही, गिरगाव चौपाटीच्या वाळूत दहन केलं, आणि त्या जागी आज त्यांचा पुतळा उभा आहे. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांवर दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे चैत्यभूमी झाली आणि दर 6 डिसेंबरला तिथे लाखो माणसं येतात. चैत्यभूमी आणि कीरांची स्मशानभूमी यांच्यात अंतर किती, तर नाही म्हटलं तरी चालेल. एका बाजूला सकाळी दहाच्या आत मोकळा करायचा चौथरा, दुसऱ्या बाजूला कायमची जागा. ती पालिकेने दिली म्हणणं चूक होईल. लोकांनी ती धरून ठेवली. एवढ्या लोकांनी धरली की कुठल्याच वहीत तिची मुदत लिहिता येत नाही.

पुरण्याचा हिशेब अवघड. माती आपला वेळ घेते आणि तिला घाई करता येत नाही. तो बघायचा तर शिवडीला जावं.

शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी पालिकेच्या ताब्यातली आहे. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता तेव्हा, 1865 च्या सुमारास, ती सुरू झाली. क्रॉफर्ड म्हणजे मार्केटवाला क्रॉफर्ड. त्या मंडईला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून क्रॉफर्डच सांगावं लागतं. दफनभूमीच्या आधी त्या जमिनीवर अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. बाग भायखळ्याला गेली, तीच आपली राणीची बाग. शिवडीला फुलझाडांच्या जागी माणसं आली. आत शिरलं की चढउताराची मोठी जमीन, जुनी झाडं, संगमरवरी देवदूत, त्यातले काही बिनहाताचे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथे आहे. बोरीबंदरचं स्टेशन त्याचं, आणि त्यासमोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, 1893 ची. 1900 साली तो मलेरियाने गेला. ज्या इमारतीत बसून आजही शहराच्या दफनभूमींचे निर्णय होतात, ती बांधणारा माणूस त्याच पालिकेच्या जमिनीत पडून आहे. इतका चोख योगायोग कथेत लिहिला तर संपादक कापून टाकतील. काका बॅप्टिस्टाही इथलेच. टिळकांचे सहकारी, होमरूलवाले, 1925 साली मुंबईचे महापौर.

पण स्टीव्हन्सची कबर ही जुन्या काळातली चैन होती. तेव्हा जमीन होती, माणसं कमी होती, 'कायमची कबर' विकत घेता येत होती. आज ज्या घराण्यांकडे अशी कबर आहे त्यांच्याकडे ती वडिलोपार्जित खोलीसारखी असते. कोणाचा हक्क, कोणाची सही, शेवटचं कोणाला ठेवलं, त्याला किती वर्षं झाली. बाकीच्यांना मिळते ती मुदतीची कबर. मुदत सरली की हाडं काढायची, ती भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची, वर नावाची छोटी पाटी, आणि कबर पुढच्याला. माझी ऑफिसातली मैत्रीण माझगावची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चनांतली. तिच्या वडिलांची मुदत संपली तेव्हा ती घरच्यांना घेऊन गेली होती. मला वाटलं होतं ती रडली असेल. ती म्हणाली, "अगं, डॅडी चाळीत दहा बाय बारात राहिले सगळं आयुष्य. कोनाडा त्यांना लहान नाही वाटणार." मग स्वतःच हसली आणि लगेच विषय बदलला.

कायमची म्हणजे काय, हे पुण्याजवळ खडकीला कळतं. तिथलं युद्ध स्मशान पालिकेचं नाही. 1917 साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या ज्या कबरी पुढे राखल्या जातील याची खात्री नव्हती, त्या एकत्र करून इथे आणल्या. पहिल्या महायुद्धातल्या 1,800 हून अधिक सैनिकांच्या कबरी राखणं शक्य राहिलं नाही म्हणून त्यांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली. सारखे दगड, कापलेलं गवत, फुलझाडं, आणि दर दगडावर एक नाव. तिथला माळी मला म्हणाला होता की साहेब लोक बघायला येतात तेव्हा गवताची उंचीसुद्धा बघतात. कायम या एका शब्दाला माणसं, पैसा, देखरेख असं किती काय लागतं! दीड-दोन कोटींच्या शहराला हे सगळ्यांसाठी झेपणार नाही, आणि झेपावं असं माझं म्हणणंही नाही. फक्त, काहींना कायम आणि काहींना मुदत, हे वाटप कशावरून होतं ते उघडपणे दिसायला हवं.

आता कब्रस्तानं. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान जुमा मशीद ट्रस्टकडे आहे. शहरातली मोठी, जुनी जागा, रेल्वेच्या रुळांना लागून. तिथली आणि इतर ट्रस्टांची व्यवस्था त्यांची ते बघतात. कबर पक्की बांधायची नाही, माती मातीत जाऊ द्यायची आणि काही काळाने तीच जागा पुन्हा वापरायची, ही रीत मुंबईत मुकाट्याने चालत आली आहे. मातीचा हा कालावधी हिशेबात धरलेला असतो. तो एकदाच गडबडला, करोनात.

30 मार्च 2020 ला पालिकेने परिपत्रक काढलं की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. त्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. मग 9 एप्रिलच्या आदेशात 20 दफनभूमी ठरवल्या. त्यांतल्या वांद्र्याच्या कब्रस्तानांवरून शेजारचे रहिवासी हायकोर्टात गेले. म्हणणं असं की पुरलेल्या प्रेतातून रोग पसरेल. 22 मे 2020 ला हायकोर्टाने ते म्हणणं फेटाळलं. प्रेतातून असा संसर्ग होतो याला आधार नाही, आणि सन्मानाने दफन होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. सगळ्यांना सारखा नियम म्हणून सगळ्यांना आग, ही कल्पना वरवर किती समतेची दिसते! पण ज्याच्या रीतीत आगच आहे त्याच्याकडून त्या नियमाने काहीच घेतलं नाही, आणि ज्याची रीत मातीची आहे त्याच्याकडून सगळंच घेतलं. पुढे प्लास्टिकात गुंडाळून पुरलेली शरीरं मातीत लवकर मिसळेनात, आणि त्या कबरी पुन्हा वापरात यायला वेळ लागला, तो वेगळाच घोर.

करोना गेला तरी जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. गोवंडीच्या लोकांनी जास्तीच्या दफनभूमीसाठी कोर्टात अर्ज केला. पालिकेने सुचवलेल्या जागा बघा: एक देवनारच्या जुन्या दफनभूमीलगत, एक रफिकनगरला डम्पिंग ग्राउंडच्या बाजूची, एक आणिक गावात तेल रिफायनरीजवळ. महिने गेले, जागा हातात येईना. जून 2024 मध्ये मुख्य न्यायमूर्तींनी वैतागून पालिकेला विचारलं की मेलेल्यांना आता मंगळावर न्यायचं का. पेपरात त्याचा मथळा झाला आणि दोन दिवस सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवला. माझ्या मनात मात्र त्या जागा राहिल्या. ज्या वस्तीने शहराचा कचरा आयुष्यभर नाकाशी घेतला, तिच्या मेलेल्यांनाही शहराला कचऱ्याशेजारचीच जमीन सुचली.

पारशांचं उलटं झालं. त्यांच्याकडे जमीन आहे, तीही मलबार हिलवर, डुंगरवाडी, दाट झाडीतली. तिथे कमी पडली ती प्रेतं खाणारी गिधाडं. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन ती देशभर मेली. 2006 साली त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. जे काम पक्षी बघता बघता करत ते सूर्यप्रकाश एकवटणारे आरसे लावूनही तितकं जमेना. मग समाजातल्या काहींनी वरळीच्या पालिकेच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभारलं, 2015 मध्ये. ज्यांना दहन हवं त्यांना तिथे आपल्या प्रार्थना करता येतात. जुन्या विचाराचे पारशी अजून यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी मला समजते; अग्नी ज्यांना पवित्र, त्यांनी त्यात प्रेत कसं घालावं? तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटांवर वरळीलाच अंत्यसंस्कार झाले. ती स्मशानभूमी ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. ई. मोझेस यांचं नाव आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले, मुंबईचे एके काळचे महापौर. हिंदूंची स्मशानभूमी, तिच्यात पारशांचं प्रार्थनागृह, बाहेर ज्यू महापौराच्या नावाची पाटी. हे कोणी सलोख्याचा देखावा म्हणून रचलेलं नाही. गरज पडली, परवानगी मिळाली, बांधकाम झालं. खिडकीतल्या त्या कारकुनासारखंच, विचारायचं ते विचारून पावती देणारं काम.

आणि ज्यांचं कोणीच नाही? बेवारस प्रेत शवागारात पोलिसांच्या कागदांची वाट बघत पडतं. फोटो, वर्णन, हरवलेल्यांच्या याद्या, चौकशी. कोणी आलं नाही तर एखादा हवालदार त्याला स्मशानात किंवा दफनभूमीत पोचवतो. 1949 च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली असं शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला शिकण्यासाठीही देता येतं. माझ्या हिशेबात मेल्यानंतर सगळ्यांत जास्त ताटकळवतं शहर ते यांनाच. ओळख पटवण्यासाठी का होईना, कोणीतरी त्यांच्यासाठी थांबलेलं असतं.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. मावशीचा दाखला त्याच्या आत मिळाला, नाव बरोबर होतं. नंतर मावसभावाने घर विकलं आणि तो परत गेला. मी त्याच बाजूला राहते. आमच्या सोसायटीपासून स्मशान पायी आठ-दहा मिनिटांवर. सोसायटी 2009 ची, स्मशान आमच्या आजोबांच्याही आधीचं. गेल्या वर्षी सेक्रेटरी एक अर्ज घेऊन सह्यांना आले. धुराचा त्रास, लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक, फ्लॅटच्या किमती. धूर येतो हे खरं आहे, वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो. मी म्हटलं, चिमणी वाढवा म्हणा, गॅसदाहिनी वाढवा म्हणा, त्यावर आत्ता सही करते. अर्जात मात्र मागणी एकच होती, स्मशान इथून हलवा.

"कुठे?" मी विचारलं.

"ते पालिका बघेल ना. थोडं बाहेर कुठेतरी."

"बाहेर म्हणजे मुलुंडच्या पुढे?"

"तिथे माझे सासरे राहतात," सेक्रेटरी म्हणाले, आणि अर्ज घेऊन वरच्या मजल्यावर गेले.